अंगावरचें आणि वरचें

दुधाचे 'अंगावरचें' आणि 'वरचें' असे भेद आपल्या भाषेनेंच केले; कमीपणा मात्र आईच्या पदरीं पडतो. १९९२ च्या कायद्यानें बाळदुधाच्या जाहिरातींस बंदी घातली, तें योग्यच झालें. अशुद्ध पाण्यांत, काटकसरीनें पातळ कालविलेली भुकटी अर्भकाच्या जिवावर बेतते. परंतु ती बंदी विकणारास आहे, पाजणारीस नव्हे. विक्रेत्यास बांधणारें सत्य आईवर उगारण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला? सुनेस दूध पुरेना, तेव्हां आम्हीं (लिहितांना लाज वाटते) तिला सहा महिन्यांचा नियम वाचून दाखविला. ती कांहीं बोलली नाहीं. बाळ रात्रभर रडलें. पहाटे आमच्या पत्नीनें फडताळांतलें चांदीचें बोंडलें उकळून तिच्या हातीं दिलें. आमचा मुलगाही त्यावरच वाढला, हें आम्हांस तेव्हां प्रथम कळलें.