वाटा किती आला?

चि. मनाली,


‘उपचाराचं उद्दिष्ट मोजता येईल असं लिहा’ म्हणून साहेबांनी सांगितलं आणि तू अडलीस. अडायलाच हवं. साखर रक्तात सापडते. उदासी माणसालाच विचारावी लागते.

उदासी मोजायच्या तुमच्या पीएचक्यू-९चंच घे. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, बेरीज २७ पर्यंत. ‘बारावरून सहावर आणणे’ कागदावर शोभतं. पण एकाचे बारा मुख्यतः झोप, भूक आणि थकव्याचे असतील, तर दुसऱ्याच्या बारांत जीव नकोसा झाल्याचे तीन असतील. म्हणून बेरजेआधी ती नववी ओळ वाच. शिवाय विचारायचं ते मागच्या दोन आठवड्यांचं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. हातात पैसा नाही, झोप नाही. त्यात आजाराचं किती नि बंदीचं किती? ‘आठवड्यातून पाच दिवस कामाला जाणे’ हे मे महिन्यात ठरवलंस, तर जूनमध्ये ते फसणारच.

देवबागकडचा एक रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा, आठवतो. स्किझोफ्रेनिया. उद्दिष्ट त्यानंच सांगितलं होतं: रापणीला जायचं, मासळीतला वाटा घरी आणायचा. मोजायला याहून सोपं काय? वाटा येऊ लागला. डॉक्टर खूश. आई मात्र म्हणाली, “वाटो येता, पण तो दोरीक हात लावणा नाय.” तो पुळणीवर नुसता बसायचा नि रापणीतली माणसं मायेनं त्याचा वाटा काढायची. पण वर्षभर खोलीबाहेर न पडलेला माणूस चार जणांत बसत होता, हे थोडं का? पुढे आईच म्हणाली, “आता तो पेज मागून घेता.” मला ते वाट्याहून मोठं वाटलं. फॉर्मात त्याला जागा नव्हती.

अपंगत्वाच्या दाखल्याचं तर आणखी विचित्र. त्यासाठीच्या ‘आयडियाज’ मोजपट्टीत स्वतःची निगा, माणसांशी वागणं, संवाद नि समज, आणि काम यांवर गुण देतात. अपंगत्व ४० टक्के भरलं तर सवलती. माणूस सुधारला की टक्के घसरतात. मग घरचे तपासणीच्या दिवशी त्याचं बरं असणं झाकतात. मी त्यांना दोष देत नाही.

ओपीडीत रांग असते, ठाऊक आहे. साहेबांना आकडा हवा, तो दे. शेजारी घरच्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिही. रकाना नसेल तर समासात.

तुझी,
आत्या