दिवा आणि जाळे

आपल्या भाषेने प्रकाशाला क्वचितच दोष दिला आहे. पाप काळे, कपट काळे, चोराची वेळ काळोखाची. उलट ज्ञान उजळ, चारित्र्य उजळ, आणि तिन्हीसांजेला दिवा लागला की हातातले काम बाजूस ठेवून आपण त्याला नमस्कार करतो. ह्या संस्कारामुळे अंधारात चाललेल्या गोष्टीचा आपल्याला संशय येतो आणि लख्ख उजेडात चाललेली गोष्ट बहुधा निर्दोषच असणार, असे आपण गृहीत धरतो. परंतु उजेड हेच ज्या कृत्याचे साधन आहे, त्याचा नैतिक हिशेब कसा मांडावयाचा? रात्री दिवे लावून मासे धरण्याच्या व्यवसायाने हा प्रश्न उभा केला आहे, आणि तो केवळ कोळीवाड्यापुरता नाही.

रायपूर समुद्रापासून फार दूर आहे. तरीही ह्या प्रश्नाचे मूळ येथे तेलीबांध्याच्या तळ्याकाठी पाहावयास मिळते. तळ्याभोवती फिरण्यासाठी वाट झाली, दिव्यांची रांग लागली, आणि शहराने त्याला ‘मरीन ड्राइव्ह’ असे नाव दिले. बदलीवर आलेल्या आपल्यासारख्या मंडळींची पावले त्या नावानेही थोडी तिकडे वळत असतील. रात्री दिव्याखाली किडे घोटाळतात, त्यांतले काही पाण्यात पडतात, आणि ते टिपावयास मासे वर येतात. ह्या साखळीत कोणी कोणाला फसवीत नाही. ज्याने दिवा लावला तो माणसांसाठी लावला. किड्यांचा आणि माशांचा विचार त्याच्या मनात नव्हता. येथे हेतू नाही, म्हणून दोषही नाही.

कोकणच्या समुद्रावर हीच साखळी हेतुपूर्वक जुळविली जाते. होडीवर जनित्र असते आणि त्यावर प्रखर एलईडी दिवे चालतात. काही पाण्यावर टांगलेले, काही पाण्यात सोडलेले. उजेडाकडे प्रथम डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव जमतात. त्यांच्या मागे तारली व बांगडे. त्यांच्या मागे माकूल आणि इतर शिकारी मासे. थवा दाट झाला की पर्ससीन जाळे त्याला वेढा घालते. ह्या जाळ्याच्या खालच्या काठाला कड्या असतात; त्यांत ओवलेला दोर आवळला की थैलीचे तोंड बांधावे तसा तळ बंद होतो. पौर्णिमेच्या आसपास हा व्यवसाय मंदावतो, कारण चंद्रप्रकाशात दिव्याची ओढ उणावते. म्हणजे ह्या दिव्याला सर्वांत अधिक गरज अंधाराचीच असते.

जुन्या पद्धतीतही काळोख्या रात्रीला महत्त्व होते, पण ते वेगळ्या कारणाने. समुद्रात काही सूक्ष्म जीव हालचालीने चमकतात. बांगड्यांचा थवा पोहत गेला की काळ्या पाण्यात फिकट उजेडाचा पट्टा सरकताना दिसतो, आणि अनुभवी तांडेल त्यावरून थव्याचा माग काढतो. त्या रात्री मासा आपल्याच वाटेने जात असतो. पाहण्याचे, ओळखण्याचे आणि चुकण्याचे काम माणसाकडे असते. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील रापणीत तर जाळे किनाऱ्यावरूनच ओढले जाते. किनाऱ्याजवळ जे आपण होऊन आले तेवढेच तिला मिळते, आणि ज्यांनी दोर ओढला त्या सर्वांचा त्यात वाटा असतो.

येथे कोणी म्हणेल की मासेमारी मुळातच फसवणूक आहे. गळाला लावलेले आमिष हे काय सत्य असते? आक्षेप योग्य आहे. किंबहुना आमिष जितके खोटे असते तितका दिवा खोटा नसतो. आमिषात काटा लपविलेला असतो. दिव्यात काहीच लपविलेले नाही. त्याच्या उजेडात मिळणारे अन्नही खरे असते. मग केवळ फसवणूक हा निकष लावला तर दिवा गळापेक्षा प्रामाणिक ठरेल! तसे आपल्या मनाला पटत नाही. म्हणून दोष अन्यत्र शोधला पाहिजे.

एकनाथी भागवतात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत पतंग आहे आणि मासाही आहे. पतंग रूपाला भुलून ज्योतीत पडतो, मासा जिभेच्या पायी गळाला लागतो. दोघांपासून शिकावयाचे ते इंद्रियनिग्रहाचे. साधकाच्या दृष्टीने हा उपदेश पूर्ण आहे, कारण साधकाला स्वतःचे मन आवरावयाचे असते. परंतु त्या दृष्टांतात सारा विचार येणाऱ्याचा आहे. दिवा लावणाऱ्याविषयी आणि गळ टाकणाऱ्याविषयी तेथे प्रश्न नाही, आणि तो असण्याचे कारणही नाही. आपण मात्र हा दृष्टांत साधनेच्या क्षेत्रातून उचलून व्यवहारात आणतो आणि सहज म्हणून जातो : ‘भुलला तो त्याच्या कर्माने.’ येथे गफलत होते. उजेडाकडे वळणे हा त्या क्षुद्र जीवांचा लोभ नव्हे, ती त्यांची घडण आहे. आणि त्यांच्या मागे जाणे ही माशाची भूक आहे. दुसऱ्याची घडण आणि भूक नेमकी जाणून जो तेथे दिवा लावतो, त्याला ‘तो आपण होऊन आला’ असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही. ज्ञान त्याच्याकडे आहे, म्हणून जबाबदारीही त्याच्याकडे आहे.

पण हेही पुरेसे नाही. अमेरिकेत गोड्या पाण्याच्या तलावांवर क्रॅपी नावाचा मासा धरणारे हौशी लोक रात्री कंदील टांगून बसतात. उजेडाकडे बारीक मासळी येते आणि तिच्या मागोमाग क्रॅपी उजेडाच्या कडेला, किंचित खाली, दबा धरून राहतो. तेथेही हेतू आहे, ज्ञान आहे, दिवा आहे. तथापि हातात एकदोन गळ असतात, आणि अनेक राज्यांत एका माणसाने दिवसाला किती मासे न्यावेत ह्याची संख्या ठरलेली असते. कंदील एकेका माशाला जवळ आणतो; बाकीच्यांना सुटण्याची वाट मोकळी राहते. जनित्राचा दिवा आणि तळ बंद होणारे जाळे एकत्र आले म्हणजे मोठ्यांबरोबर पिल्लेही त्यात सापडतात आणि सुटण्याची वाट जवळजवळ संपते. न सापडणे हा माशाचा वाटा होता. रात्र हा त्याचा वाटा होता. त्या वाट्यावरच पुढच्या वर्षीचा कोळी जगत असे. ह्या दिव्याचा खरा दोष मला येथे दिसतो : तो दुसऱ्यासाठी काहीच शिल्लक ठेवीत नाही, आणि त्या ‘दुसऱ्यां’त रापण ओढणारा शेजारीही येतो.

ह्या व्यवसायात शिरलेल्या प्रत्येकाला दुर्जन ठरविणे मात्र सोपे आणि अन्यायाचे होईल. डिझेल महाग, होडीवर कर्ज, खलाशांचा पगार थांबत नाही; आणि क्षितिजावर शेजाऱ्याचे दिवे एखाद्या गावासारखे लखलखत असताना आपलाच दिवा विझवून बसण्याचे धैर्य किती जणांना होईल? एकट्याच्या संयमाने समुद्रात मासा वाढत नाही. फक्त त्या एकट्याची टोपली रिकामी राहते. अशाच प्रसंगी कायदा लागतो. संयमाचे ओझे सर्वांवर सारखे वाटणे हे त्याचे काम.

तो झालाही. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते, त्यापुढची केंद्राच्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने त्या पुढच्या क्षेत्रातही एलईडी दिव्यांची मासेमारी बंद करण्याचा आदेश काढला. महाराष्ट्राने १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम २०२१ साली सुधारून दंडाच्या रकमा लाखांच्या घरात नेल्या. त्यानंतरही समुद्रात दिवे दिसल्याच्या तक्रारी किनाऱ्यावरून येत राहिल्या. आदेशाची प्रत काढून ती नस्तीत लावणे आणि आदेश पाळला जाणे ह्यांतील अंतर किती मैलांचे असते, हे आपल्यापैकी बहुतेकांना नोकरीने शिकविले आहे. समुद्रावर ते अंतर गस्तीच्या बोटीने कापावे लागते, आणि पुष्कळदा बाजारानेही.

बाजार म्हटला की आपण आलो. बर्फात घातलेला बांगडा रायपुरात मिळाला की कोकणातल्या माणसाला पत्र आल्यासारखा आनंद होतो, आणि तो स्वाभाविक आहे. पण तो कोणत्या जाळ्यातून आला, असे विचारण्याची रीत आपल्यात नाही. मासा सांगू शकत नाही, विक्रेत्याला बहुधा ठाऊक नसते. तरीही विचारणे व्यर्थ नव्हे. पुष्कळ गिऱ्हाइके एकच प्रश्न विचारू लागली की त्याचे उत्तर ठेवणे व्यापाऱ्याला भाग पडते. स्वस्ताई आणि मुबलकता हाही एक उजेडच आहे, आणि त्याच्याकडे आपण आपल्या घडणीने व भुकेने ओढले जातो. फरक इतकाच की माशाला दिव्यामागचे जाळे पाहता येत नाही. आपल्याला पाहता येते. दिव्याला हात जोडण्याचा संस्कार मोडण्याचे कारण नाही. त्याबरोबर तो कोणी धरला आहे आणि कोणासाठी, एवढे विचारण्याची सवय जोडली, तर तो संस्कार अधिक खरा होईल.