मांडवातले फूल

लग्नकार्यात फुले किती आणि कशी वापरावीत, असा प्रश्न काढला की पुष्कळांना हसू येते. लग्न म्हटले की फूल आलेच. त्यात विचार तो कसला? परंतु सज्जनहो, आपल्या दोडामार्ग तालुक्यातली अलीकडची लग्ने पाहिली म्हणजे हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा राहिलेला नाही. पूर्वी माटवाला माडाची चुडते, केळीचे खांब, आंब्याचे टाळ. वधूच्या अंबाड्यावर अबोलीचा, दिवस असले तर सुरंगीचा वळेसर. आणि वधूवरांचे दोन हार. झाली सजावट. आता हॉलला फुलांची कमान, व्यासपीठामागे फुलांची भिंत, प्रत्येक टेबलावर मधोमध फुलांची परडी, आणि पाहुण्यापाहुण्याच्या हाती चकाकत्या कागदातला पुष्पगुच्छ. जरबेरा आणि कार्नेशन मावळातल्या पॉलिहाऊसमधून, ऑर्किड तर थेट थायलंडहून. सकाळी आलेले हे वैभव रात्री हॉलमागच्या खड्ड्यात.

ह्याच धंद्यात पडलेल्या आमच्या भागातल्या एका तरुणाने कीर्तन आटोपल्यावर विचारले, “बुवानू, मी फुलां इकतंय, माटव सजयतंय. ह्यां पाप काय पुण्य?” प्रश्न खरा आहे. त्याच्या घरची चूल त्यावर पेटते. त्याला ‘सोड हा धंदा’ म्हणणे सोपे, आणि ‘सगळे देवाचेच’ म्हणून पाठ थोपटणे त्याहून सोपे. दोन्ही उत्तरे उडवाउडवीची. म्हणून शास्त्रपद्धतीने आधी पूर्वपक्ष मांडू, मग सिद्धांत पाहू.

पहिला पूर्वपक्ष असा: शोभा हाच मोह आहे, फूल तोडणे हीच हिंसा आहे, तेव्हा मांडवात फूल नकोच. हे म्हणणे टिकत नाही. षोडशोपचारांत पुष्पाला स्वतंत्र स्थान आहे. पंढरीत वसंतपंचमीला विठ्ठल-रुक्मिणीचा विवाहसोहळा होतो, तेव्हा मंदिर फुलांनी नटते. देवाच्या लग्नाला जे चालते ते माणसाच्या लग्नाला निषिद्ध कसे म्हणावे?

लगेच दुसरा पूर्वपक्ष उभा राहतो: देवाला चालते ना? मग वधूवर म्हणजे त्या दिवशीचे लक्ष्मीनारायणच! होऊ द्या हवी तेवढी आरास! थांबा. देवासाठी फूल तोडतानासुद्धा आपल्या पूर्वजांनी हात मोकळा सोडलेला नाही. दुसऱ्याच्या बागेतले चोरून आणू नये. देवाला वाहण्याआधी हुंगू नये. कमळ आणि चाफा सोडून कळी तोडू नये. द्वादशीला तुळशीला हात लावू नये. ज्याने झाड निर्माण केले त्याच्यासाठीही तोडण्याला मर्यादा आहे, तर आपल्या हौसेला मर्यादा नको काय? गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंताने आपल्याला चालणाऱ्या वस्तू सांगितल्या, त्यांत पानाचा क्रम पहिला आणि फुलाचा दुसरा. फळ आणि पाणी त्यानंतर. चारांपैकी एकाही वस्तूसाठी कर्ज काढावे लागत नाही, हे ध्यानात घ्या. आपल्या लग्नातही देवक बसते ते पानांचेच.

आता सिद्धांत. फुलाची किंमत त्याच्या रूपावरून ठरवू नये, तीन गोष्टींवरून ठरवावी: उत्पत्ती, विनियोग आणि विसर्जन. साध्या भाषेत सांगायचे तर, फूल कोठून आले, कोणासाठी तोडले, आणि उद्या सकाळी कोठे जाणार?

सुरंगीचा वळेसर घ्या. वेंगुर्ल्याकडच्या आसोलीसारख्या गावांत ऊन चढण्यापूर्वी माणूस झाडावर चढतो, घरच्या बायका वळेसर करतात, आणि तो एखाद्या लेकीच्या केसांत जातो. कोणी काढले ते ठाऊक, कोणासाठी ते ठाऊक. सुकला तरी वास दरवळतो, आणि शेवटी परसातल्या मातीची माती होते. तिन्ही प्रश्नांना उत्तर आहे.

आता गुच्छ पाहा. पाहुणा तो वराच्या हाती देतो. वर एका हाताने घेतो, दुसऱ्या हाताने मागच्याला देतो. मागचा तो खुर्चीखाली सारतो. देणाऱ्याला दिल्याचे समाधान नाही, घेणाऱ्याला घेतल्याची आठवण नाही. शास्त्राच्या भाषेत दान झाले नाही आणि प्रतिग्रहही झाला नाही. मधल्यामध्ये फूल मात्र मेले. उलट, एखादी आजी आपल्या अंगणातली चार तगरीची फुले पानात बांधून नातीच्या ओंजळीत देते, तोही गुच्छच. पण त्याला घेणारा आहे.

टेबलावरच्या परडीचे विसर्जन त्याहून कठीण. पुष्कळ परड्यांच्या बुडाशी हिरवी, स्पंजासारखी वीट असते. ती पाणी धरते. देठ खोचले की फूल ताजे राहते. १९५४ साली अमेरिकेत ही युक्ती निघाली. वस्तू रासायनिक राळेची, म्हणजे प्लॅस्टिकच्याच जातीची. ती कुजत नाही, तिचा चुरा होतो. आपली तिलारी पुढे गोव्यात शापोरा नदी होऊन समुद्राला मिळते. दोडामार्गात फेकलेला चुरा पावसाबरोबर वाहिला, तर तो उद्या माशाच्या पोटात आणि परवा कोणाच्या ताटात जाईल? इंग्लंडातील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ह्या नामांकित उद्यानसंस्थेने २०२१ पासून आपल्या पुष्पप्रदर्शनांत ह्या विटेला बंदी केली आहे. ज्यांच्याकडून आपण गुच्छ शिकलो ते ती टाकून देत आहेत, आणि आपण उचलतो आहोत!

आता कोणी म्हणेल, देवळातल्या फुलांचे काय? त्यांनाही हेच तीन प्रश्न. देवाच्या अंगावरून उतरले म्हणून फूल निर्माल्य झाले खरे. पण पिशवीत कोंबून चंद्रभागेत टाकले की तेही घाणच करते. कानपुरात देवळांतली फुले गोळा करून त्यांच्या उदबत्त्या करतात. निर्माल्याचा मान राखणे म्हणतात ते हे.

आणि आपल्याला परदेशाकडे पाहण्याची गरज तरी काय? चतुर्थीला गणपतीवर आपण माटवी बांधतो. गोव्यात तिला माटोळी म्हणतात. नारळ, सुपारीचे घोस, तवशी, कवंडळे, कांगण्या, हरणाची फुले, तेरडा! ह्याहून सुंदर आरास कोणत्या देशात होते? पण तिथेही विवेक हवा. बाजारात भाव मिळतो म्हणून जो वेल मुळासकट ओढतो, त्याला पुढच्या चतुर्थीला कवंडळ कोठून मिळणार?

तेव्हा त्या तरुणाला आमचे उत्तर असे: धंदा पापाचा नाही. सावतोबांनी अरणच्या मळ्यातच पांडुरंग पाहिला. माळ्याच्या कामाला आपल्या परंपरेत उणेपणा नाही. मात्र गिऱ्हाइकाच्या हौसेला फुंकर घालू नकोस. विटेऐवजी केळीच्या खांबाचा तुकडा घे. तो ओलावा धरतो, देठ धरतो, आणि दुसऱ्या दिवशी माडाच्या आळ्यात घालता येतो. गावातल्या बायकांकडून अबोलीचे वळेसर घे, म्हणजे तुझ्या चुलीबरोबर आणखी चार चुली पेटतील. कार्य आटोपले की फुले गोळा करून नेणे हे सजावटीचेच अंग समज. त्याची मजुरी माग, त्यात लाज नाही.

आणि गृहस्थहो, मुलीच्या बापाला फुलांच्या भिंतीसाठी सावकाराच्या दारी उभे करणारा सजावटकार नव्हे, तर ‘अमक्याच्या लग्नात किती होती, तमक्याच्यात काहीच नव्हती’ म्हणणारे आपणच आहोत. पंगतीत बसून केलेली ही तुलना त्या बापाच्या कानांवर जाते आणि पुढच्या घरचे कर्ज वाढते. पुढच्या लग्नाला जाल तेव्हा एवढे करा. परसातले एक फूल न्या, वधूच्या हातात द्या, दोन शब्द आशीर्वादाचे बोला. आणि मांडवाला टाळच असले, तर ते किती हिरवे आहेत ते मोठ्याने सांगा.

रामकृष्ण हरी!