रोजचं वचन आणि रोजची मजुरी

नागपूरहून वर्ध्याकडे निघालं की बुटीबोरी मागे पडते, मग केळझर येतं, मग सेलू. दोन्ही अंगांना कपाशी, तूर, सोयाबीन. या रस्त्यात एक हद्द ओलांडली जाते, पण तिची पाटी कुठेच लावलेली नाही. नागपूरचा कॅथलिक माणूस नागपूरच्या आर्चबिशपांच्या धर्मप्रांतात मोडतो. सेलू-वर्धा-हिंगणघाटचा मुलूख मात्र चांदा धर्मप्रांतात, आणि त्याचं ठाणं बल्लारपूरला. १९६२ साली हा भाग नागपूरपासून वेगळा काढून केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे सोपवला गेला. केरळबाहेर त्या चर्चला मिळालेलं हे पहिलं मिशनक्षेत्र. पोप तेच, श्रद्धा तीच, पंचांग मात्र निराळं. नागपुरात उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो, तर सिरो-मलबार रीतीत दोन दिवस आधीच, सोमवारी, कपाळाला राख लागते. मिस्सेत वाचायच्या उताऱ्यांचा क्रमही दोघांचा वेगळा. त्यामुळे तासा-दीड तासाच्या अंतरावरची दोन कॅथलिक घरं एकाच सकाळी दोन निराळ्या वचनांवर मनन करत बसलेली असू शकतात.

या फरकाचं कुणाला नवल वाटेल. खरं नवल वेगळंच आहे. घरी बसून, आपल्या भाषेत, रोज बायबलचा एक उतारा वाचावा आणि देवाच्या प्रेमाचा विचार करावा, ही रीत सर्वसामान्य कॅथलिक माणसाच्या वाट्याला आली ती अगदी अलीकडे.

आधी हे काम मठातल्या साधूंचं होतं. बाराव्या शतकात फ्रान्सच्या आल्प्समधल्या कार्थुसियन मठाचा प्रमुख दुसरा गिगो याने त्याच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी निःशब्द दर्शन. श्रवण-मनन-निदिध्यासन ही साखळी कानावरून गेलेल्या मराठी वाचकाला यात परकं काही वाटू नये. अडचण पायऱ्यांची नव्हती, जिन्याच्या दाराला कुलूप होतं. ग्रंथ लॅटिनमध्ये, हस्तलिखित आणि महाग. पुढे छपाई आली, लूथर आला, तेव्हा रोमने दार आणखी घट्ट लावलं. १५६४ च्या निषिद्ध ग्रंथांच्या नियमावलीनुसार लोकभाषेतलं बायबल वाचायला बिशपची लेखी परवानगी लागत असे. सामान्यांच्या हाती उरली जपमाळ, भिंतीवरची चित्रं आणि रविवारचं प्रवचन.

कुलूप फोडण्याऐवजी खिडकी उघडण्याचं काम जिनिव्हाचा बिशप फ्रान्सिस द सेल्स याने केलं. हा माणूस विदर्भाला वाटतो तितका परका नाही. त्याच्या नावाने १८३८ साली आन्सी इथे स्थापन झालेल्या संघाचे पाद्री पुढच्याच दशकात विशाखापट्टणमला उतरले आणि तिथून मध्य भारतात आले. नागपूरच्या कॅथलिक धर्मप्रांताची उभारणी त्यांनीच केली. नागपूरकर ज्या शाळा-कॉलेजाला नुसतं ‘एसएफएस’ म्हणतात, ती अक्षरं त्याच्याच नावाची. १९६२ पर्यंत वर्धा जिल्हाही याच नागपूर धर्मप्रांतात होता.

पॅरिसमध्ये शिकत असताना, विशीच्या आत, या फ्रान्सिसला एका विचाराने पछाडलं होतं. कोण तरणार आणि कोण नरकात जाणार हे देवाने आधीच ठरवलं असेल, तर आपलं नाव नरकाच्या यादीत असणार, असं त्याच्या मनाने घेतलं. अन्न जाईना, झोप लागेना. काही आठवड्यांनी तो त्यातून बाहेर पडला, तो हिशेब सोडून देऊन: पुढे काहीही होवो, निदान या जन्मी तरी देवावर प्रेम करू. त्याचं पुढचं सगळं लेखन या निश्चयातून आलेलं आहे. १६०९ साली त्याने भक्तिजीवनाची ओळख करून देणारं एक पुस्तक काढलं, मूळचं एका संसारी बाईला लिहिलेल्या पत्रांतून तयार झालेलं. शिपाई, कारागीर, दरबारी, गृहिणी, प्रत्येकाला आपापल्या जागी राहून भक्ती जमते, हे त्याचं म्हणणं. त्या काळी ही गोष्ट धाडसाचीच होती. त्याने मननाची पद्धतही आखून दिली. थोडी तयारी करायची, एखादा प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा, मनात काय हललं ते पाहायचं, आज नेमकं काय करणार ते ठरवायचं. आणि उठताना, बागेतून निघणारा माणूस चार फुलं खुडून घेतो आणि दिवसभर त्यांचा वास घेतो, तसे त्यातले एक-दोन विचार सोबत न्यायचे. आजच्या दैनिक मननाच्या पुस्तिका नेमकं हेच करतात.

देवावरच्या प्रेमाचा त्याचा मोठा ग्रंथ निघाला १६१६ साली. त्याच वर्षी गोव्यात, रायतूरला, इंग्लंडमध्ये जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून झालं. या दोघांची गाठभेट झाल्याची नोंद नाही, व्हायचं कारणही नव्हतं. पण दोघांपुढे गरज एकच उभी होती: सामान्य माणसाला आपल्या भाषेत वाचायला काही हवं होतं. गोव्यात नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती आणि त्या जागी वाचायला, ऐकायला काही मिळालं नव्हतं. ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक ब्राह्मण तशी मागणी करतो. लोकभाषेतल्या बायबलवर अशी बंधनं असताना स्टीफन्स यांनी भाषांतर केलंच नाही. त्यांनी पुराण रचलं, ओवीत, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. देवळात मिस्सेनंतर ते मोठ्याने वाचलं जाई. चर्चच्या नियमातून इतकी सुंदर पळवाट दुसऱ्या कुणी काढली असेल असं वाटत नाही. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ हस्तलिखितांतून आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडी टिकला, आणि १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापला गेला.

युरोपात मात्र भीतीचं पारडं जडच राहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लिझ्यूच्या मठात तरेझा नावाची तरुण जोगीण देवाकडे जायची लहानशी, सोपी वाट शोधत होती. तिच्याकडे अख्खं बायबलसुद्धा नव्हतं. १८९४ मध्ये तिची बहीण त्याच मठात दाखल झाली, ती येताना जुन्या करारातली वचनं उतरवलेली एक वही घेऊन आली. त्या वहीत तरेझाला हवं ते सापडलं: आई मूल मांडीवर घेते तसा सांत्वन करणारा यशयाचा देव. १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी ती क्षयाने गेली. पुढे चर्चने तिला धर्मपंडिताचा दर्जा दिला. जिला बायबल धड हाती मिळालं नाही, तिला!

दार उघडलं ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. १८ नोव्हेंबर १९६५ च्या दस्तऐवजाने सांगितलं की पवित्र शास्त्र सर्व श्रद्धावंतांना सहज मिळालं पाहिजे. १९६९ मध्ये नवी वाचनमाला आली. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात बसवली: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहानाला प्रामुख्याने उपवास-पुनरुत्थानाच्या काळात जागा. सामान्य काळातल्या आठवड्याच्या दिवसांना आधी मार्क, मग मत्तय, मग लूक, आणि दरवर्षी हाच क्रम. ऐकायला हे वेळापत्रकासारखं रुक्ष वाटतं. पण पूर्वी ठरलेले तेच ते मोजके उतारे दरवर्षी कानावर पडत, आता कितीतरी अधिक पडू लागले.

मराठीत जमीन तयार होतीच. हरिपाठ, ज्ञानेश्वरीचं पारायण, गीताई... रोज थोडं वाचायचं आणि ते दिवसभर मनात ठेवायचं, हे इथल्या घरांना कुणी शिकवायला नको होतं. कॅथलिक मासिकांपैकी ‘निरोप्या’ १९०३ साली जर्मन जेझुइट फादर हेन्री डोरिंग यांनी नगर जिल्ह्यात सुरू केलं, तर वसईचं ‘सुवार्ता’ १९५५ पासूनचं. ‘सुवार्ता’चं संपादन दोन दशकांहून अधिक काळ करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं आणि वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावरही उतरले. मनन करणारा आणि मोर्चा काढणारा माणूस एकच होता, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

सेलूहून वर्ध्याकडे जाताना वाटेत पवनार लागतं. तिथल्या धाम नदीकाठच्या आश्रमाच्या विनोबांनी कुराण, धम्मपद यांच्या बरोबरीने नव्या कराराचंही सार काढलं. पलीकडे सेवाग्रामात लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार १९४२ च्या जूनमध्ये आठवडाभर राहिला, तेव्हा गांधींच्या झोपडीच्या मातीच्या भिंतीवर त्याला एकच चित्र दिसलं. ते येशूचं होतं आणि त्याखाली पौलाच्या इफिसकरांस पत्रातलं, ख्रिस्त हीच आपली शांती अशा अर्थाचं वचन होतं. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम करणारे जे. सी. कुमारप्पा प्रोटेस्टंट. येशूच्या आचरणावरचं त्यांचं पुस्तक तुरुंगात लिहून झालं आणि १९४५ मध्ये निघालं. सेलूच्या पंचक्रोशीत कॅथलिक घरं मूठभर असतील, पण बायबल घेऊन बसलेली माणसं इथे परिषदेच्या आधीपासून होती. ती कॅथलिक नव्हती, एवढंच.

बायबलच्या उताऱ्यांपैकी इथवर सगळ्यात लांबचा प्रवास केला मत्तयाच्या विसाव्या अध्यायातल्या एका दाखल्याने. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर आणतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि अगदी दिवस मावळायला तासभर उरला असता आणखी काही. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी, दिवसभराचा एक दिनार. सकाळपासून राबलेले कुरकुरतात.

सहाव्या शतकात पोप थोरला ग्रेगरी याने यातल्या वेळा म्हणजे मानवी इतिहासाची युगं आणि माणसाच्या वयाच्या अवस्था, असं लावून दाखवलं. पुढे शतकानुशतकं प्रवचनकारांनी यातून मरतेवेळच्या पश्चात्तापाचा धीर दिला: उशीर झाला तरी देव घेतो. १८६० मध्ये जॉन रस्किनने मात्र मजुरी म्हणजे मजुरीच असं धरलं आणि आपल्या अर्थशास्त्रावरच्या लेखांना नाव दिलं ते याच दाखल्यातून. १९०४ मध्ये हेन्री पोलकने त्या लेखांचं पुस्तक जोहान्सबर्ग स्टेशनवर गांधींच्या हाती ठेवलं. डर्बनपर्यंतच्या प्रवासात त्यांना झोप लागली नाही. १९०८ मध्ये त्यांनी त्याचा गुजराती सारांश छापला आणि त्याला नाव दिलं ‘सर्वोदय’. त्याच नावाखाली मार्च १९४८ मध्ये, गांधींच्या हत्येनंतर, त्यांचे सहकारी सेवाग्रामात जमले.

हा दाखला सेलूच्या शेतात वाचून पाहावा. इथे कापसाची वेचणी किलोवर असते. बाया सकाळी कमरेला ओटी बांधून तासात शिरतात, बोंडाची टोकदार पाकळी बोटांना लागत राहते. संध्याकाळी धुऱ्यावर काटा टांगला जातो. तरण्या पोरीचं वजन जास्त भरतं, नजर कमी झालेल्या म्हातारीचं निम्मं. पैसेही निम्मे. घरी चूल मात्र दोघींना पेटवायची असते. त्या काट्यापाशी उभं राहून मत्तय वाचला की मालक बेहिशेबी वाटत नाही. त्याने पाहिलं ते किती वेचलं हे नाही, घरी किती लागतं हे. पण कुरकुरणारेही खोटे नाहीत. ज्याने शेतमालकाला कापसाच्या भावावर रडताना पाहिलंय, त्याला सारख्या मजुरीचा पैसा कुठून येणार हाही प्रश्न पडतो. दाखला त्याचं उत्तर देत नाही.

आजचं बहुतेक दैनिक मनन, छापील असो की मोबाइलवर आलेलं, या जागी थांबतच नाही. देव तुझ्यावर प्रेम करतो, तू खचू नकोस, इथे ते संपतं. भीतीच्या शतकांनंतर ते ऐकणं गरजेचं होतं, आणि आजही कर्जाखाली वाकलेल्या घराला ते वाक्य हलकं नाही. पण फ्रान्सिस द सेल्सच्या पद्धतीत फुलं खुडायच्या आधी एक पायरी होती, आज नेमकं काय करणार ते ठरवण्याची. तीच बहुतेक पुस्तिकांतून गळाली आहे. मराठीत रोजचं मनन लिहिणाऱ्या फादर-सिस्टरांनी ती परत आणावी. दाखला मजुरीचा असेल तर मजुरीबद्दल लिहावं, आपल्या गावातल्या आकड्यांसकट.

नागपूरच्या रोमन रीतीत हा उतारा दरवर्षी सामान्य काळाच्या विसाव्या आठवड्यातल्या बुधवारी येतो, म्हणजे बहुधा ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात, शेतात निंदणाची मजुरी चालू असताना. मत्तयाच्या वर्षात तो रविवारीही वाचला जातो. २०२६ हे मत्तयाचं वर्ष आहे आणि तो रविवार २० सप्टेंबरचा.