शून्य धरताना

"काका, स्वस्तातला चांगला जायरो कुठला?" पोरांनी विचारलं. मी उलट विचारलं, "किती वेळासाठी?" त्यांना वाटलं, मी गॅरंटीबद्दल बोलतोय. "सहा महिने तरी टिकायला हवा," एकजण म्हणाला. म्हटलं, सहा महिन्यांचं सोड रे, सेकंद सांग. किती सेकंद त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहायचंय?

भिवंडीतली ही डिप्लोमाची चार पोरं. एकाच्या मामांचा यंत्रमागाचा कारखाना आहे. त्याला लागून सुताचे कोन ठेवायची खोली, तिथे रोबोकॉन या रोबोंच्या स्पर्धेसाठी त्यांचा रोबो उभा राहतोय. मी उभ्या आयुष्यात मोटारींचे पॅनेल दुरुस्त केले, म्हणून माझ्याकडे येतात. पैसे वर्गणीचे. एमपीयू-६०५० ही नखाएवढी जायरो-चिप बसवलेली पट्टी दीडदोनशे रुपयांत मिळते, आणि बॉशचा बीएनओ०५५ घ्यायचा तर काही हजार मोजावे लागतात. मधल्या फरकात चाकं येतात, बॅटरी येते, लॅमिंग्टन रोडच्या दोन खेपा होतात. तेव्हा प्रश्न रास्तच होता. फक्त तो भावाचा प्रश्न आहे असं त्यांना वाटत होतं, आणि मला तो काळाचा वाटत होता.

जायरो म्हटलं की डोळ्यांसमोर भोवरा येतो, आणि नावाचं मूळ तिथलंच आहे. फुकोने १८५२ साली आपल्या गरगरत्या चाकाला जायरोस्कोप म्हटलं. या चिपमध्ये मात्र भोवरा नाही. आत सिलिकॉनचा एक कण सतत थरथरत ठेवलेला असतो. पट्टी वळली की त्या थरथरणाऱ्या कणाला आडवी ओढ लागते (हाच तो कोरिऑलिसचा परिणाम), कण किंचित सरकतो आणि ते सरकणं विजेच्या भाषेत मोजलं जातं. २०१० साली आयफोन ४ मध्ये जायरो आला, मग फोनमागून फोनमध्ये गेला. पोरांना दोनशे रुपयांत जायरो मिळतो तो फोनवाल्यांच्या कृपेने.

आता खरी मेख. हा कण दिशा सांगत नाही. तोंड कल्याणकडे आहे की वाड्याकडे, हे त्याला ठाऊक नसतं. तो एवढंच सांगतो, की या क्षणी सेकंदाला अमुक अंश या वेगाने वळतोय. दिशा आपण काढायची, त्या वेगांची बेरीज करत. म्हणजे जायरो हा रोजची उलाढाल सांगणारा मुनीम आहे, शिल्लक आपल्या वहीत निघते. आणि मुनीम रोज दोन रुपये जास्त सांगत असेल, तर एका दिवशी ते कुणाच्या ध्यानात येत नाही. दिवाळीला वही मिटवताना येतं.

हे मी त्यांना टेबलावर दाखवलं. पट्टी स्पंजवर चिकटवली, कुणी हात लावायचा नाही, आणि लॅपटॉपवर कोन बघत बसलो. पट्टी जागची हलली नव्हती. आकडा मात्र चालला होता: शून्य, एक, दोन, पाच. "हा खराब आहे," पोरगा म्हणाला. खराब नाही. एमपीयू-६०५० च्या माहितीपत्रकातच लिहिलंय, की स्थिर असतानाही तो सेकंदाला वीस अंशांपर्यंत खोटा वेग दाखवू शकतो. म्हणून सुरुवातीला रोबो निश्चल ठेवायचा, दोनेक सेकंद हे खोटे आकडे गोळा करायचे, त्यांची सरासरी काढायची आणि पुढच्या प्रत्येक आकड्यातून ती वजा करायची. पोरं याला 'शून्य घेणं' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो.

शून्य घेतलं की गळती जवळजवळ थांबते. 'जवळजवळ' हा शब्द मात्र इथे महत्त्वाचा. समजा सेकंदाला ०.१ अंश उरला. रोबोकॉनचा डाव बहुतेकदा तीन मिनिटांचा असतो. (हीच आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००८ साली पुण्यात झाली तेव्हा विषय होता गोविंदा, म्हणजे आपली दहीहंडीच.) तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद, चूक १८ अंश. दिशा एक अंश चुकली तर दहा मीटर सरळ गेल्यावर साडेसतरा सेंटीमीटर बाजूला पोचतो. १८ अंशांनी काय होईल ते सांगायला नको. तेच शून्य नीट घेऊन चूक ०.०२ वर आणली, तर तीन मिनिटांत साडेतीन-पावणेचार अंश. आणि तीन मिनिटांऐवजी वीसच सेकंद भरवसा ठेवायचा असेल, तर अर्ध्या अंशाहूनही कमी. जायरो तोच, दोनशे रुपयांचाच.

मग वीस सेकंदांनी काय करायचं? कशाला तरी टेकायचं. माणकोलीच्या एखाद्या लांबलचक गोदामात रात्री दिवे गेले, तर माणूस पंधरा-वीस पावलं अंदाजाने टाकतो, मग हात पुढे करून रॅक चाचपतो, की पुन्हा पंधरा-वीस पावलं. अंदाज कितपत पक्का हवा, हे दोन रॅकमधल्या अंतरावर ठरतं. गोदामांत माल वाहणारे काही रोबोही असेच चालतात: जमिनीवर चौकोनी खुणा चिकटवलेल्या असतात आणि दोन खुणांमधलं अंतर ते अंदाजाने कापतात. स्पर्धेच्या मैदानाला कडेची फळी असते, पांढऱ्या रेघा असतात. फळीला पाठ चिकटवून अर्धा सेकंद उभं राहिलं, की रोबोचं तोंड कुठे आहे हे खात्रीने कळतं, वही तिथे मिटवायची आणि नवी उघडायची. फळी फुकट असते. मी सेकंद विचारले ते एवढ्यासाठी.

पोरं हुशार, तिथेच अडवलं. पट्टीवर गुरुत्व मोजणारा भागही आहे ना, तो नाही का टेकू देणार? दोन चाकांवर तोल सांभाळणारा रोबो असता तर दिला असता, कारण तो कलला की गुरुत्वाची दिशा त्याच्या अंगाशी बदलते. सपाट जमिनीवर गरकन वळणाऱ्याला गुरुत्व कायम खालीच दिसतं, मग तोंड कुठेही असो. बरं, होकायंत्रवाला नऊ अक्षांचा घेऊ? तो रोबोच्या मोटारींपाशी आणि लोखंडी मागांच्या शेजारी ठेवून बघा म्हटलं. त्याची उत्तर दिशा मोटार चालू-बंद होईल तशी बदलत होती. बीएनओ०५५ सगळी गणितं स्वतः करतो, ही मोठी सोय आहे. पण अशा जागी त्याचंही होकायंत्र बंदच ठेवावं लागतं, आणि मग त्याच्या जायरोलाही अधूनमधून टेकायला फळी लागतेच. नऊ अक्ष बाजारात शोभतात.

शिवाय बाजारात नऊचे म्हणून सहाच विकले जातात. चिपला विचारायची सोय असते. तिच्या एका रजिस्टरचं नावच 'हू ॲम आय', म्हणजे वेदान्तातलं 'कोऽहम्'. एमपीयू-६०५० सोळा-आधारी ६८ असं उत्तर देतो, नऊ अक्षांच्या एमपीयू-९२५० ने ७१ द्यायला हवं, आणि ७० आलं तर तुमच्या हातात होकायंत्र नसलेला ६५०० आहे.

पुढच्या आठवड्यात पोरं चिडून आली. शून्य चोख घेतलंय, तरी फिरकी मारली की रोबो शंभर-शंभर अंश विसरतो. स्वस्तातला तो स्वस्तातलाच. मी सेटिंग बघितलं. ही चिप चालू होते तेव्हा सेकंदाला २५० अंशांपर्यंतच मोजते. रोबो सेकंदात पुरी गिरकी घेत होता, म्हणजे ३६०. वरचे ११० वहीत चढतच नव्हते. मर्यादा १००० वर नेली, विषय संपला. त्यात फटफजिती कुणाची, हे मी विचारलं नाही.

उरली माप-चूक. मापाच्या पट्टीत तीन टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, हेही माहितीपत्रक कबूल करतं. फरशीवर खडूची रेघ मारली, रोबो हाताने दहा वेळा पुरा फिरवून रेघेवर आणला. ३६०० यायला हवे होते, ३५४६ आले. गुणायला १.०१५ चा आकडा मिळाला. हे काम टीममधल्या मुलीने केलं आणि तो आकडा खडूनेच भिंतीवर लिहून ठेवला.

तरीही एक गोष्ट बसत नव्हती. सकाळी घेतलेलं शून्य दुपारी टिकत नव्हतं. थोडी चूक पत्र्याची: छप्पर तापलं की चिप तापते आणि शून्य सरकतं, म्हणून ते स्पर्धेच्या जागी, डावाच्या ऐन आधी घ्यायला हवं. पण जास्त चूक शेजारची होती. भिंतीपलीकडे माग चालू, धोटा इकडून तिकडे आपटतोय, फरशीला बारीक कंप. त्या कंपात रोबो 'निश्चल' कसला? खाली स्पंज घातला, चिपमधली गाळणी आवळली, आकडे थोडे सावरले. पुरते नाहीत.

परवा संध्याकाळी मी तिथेच होतो. लाइट गेली. एकेक करत सगळे माग थांबले, गल्लीतलेही, आणि भिवंडीत क्वचित ऐकू येते तशी शांतता पडली. बाकीचे मोबाइलचा टॉर्च शोधत होते. ती मुलगी बॅटरीवर चाललेल्या लॅपटॉपवर वाकली आणि हात वर करून म्हणाली, "कुणी हलू नका. शून्य घेते."