रिकामी दिसणारी जमीन

गेल्या वर्षी आमच्या टीमने आठ महिने खपून एक ॲप उभं केलं. छोट्या गावातल्या दुकानदारांनी त्यावरून माल मागवायचा, अशी कल्पना होती. दुकानदार काही आले नाहीत. मग मीटिंगमधला प्रश्न हळूच बदलला. 'हे बनवायला हवं होतं का' असं कुणीच विचारलं नाही, मीही नाही. 'आता यावर लोक आणायचे कसे' एवढंच बोलणं उरलं. शेवटी ठरलं की जुनं, साधं ॲप बंद करायचं, म्हणजे लोक आपोआप नव्यावर येतील. जुन्यावर तसंही कोण आहे, हे मोजायची क्वेरी मी लिहिली. नव्वद दिवसांत एकही ऑर्डर नसेल तर 'निष्क्रिय'. निम्म्याहून जास्त दुकानं निष्क्रिय निघाली. जूनमध्ये फोन सुरू झाले. ती बियाणं, खतं, ताडपत्री विकणारी दुकानं होती. फेब्रुवारी ते एप्रिल ती काय मागवणार होती?

त्याच दिवसांत मी पूर्व आफ्रिकेतल्या एका रेल्वेबद्दल वाचत होतो, आणि ते वाचन मला फारच लागलं.

तिचं नाव युगांडा रेल्वे, पण ती जवळपास सगळी आजच्या केनियात आहे. मोंबासाच्या बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत, नऊशेहून जास्त किलोमीटर. काम १८९६ मध्ये सुरू झालं, १९०१ च्या डिसेंबरात रूळ सरोवराला पोचले. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये यावर वर्षानुवर्षं खडाजंगी चालली. हेन्री लॅबूशेअर नावाचे खासदार सरकारची पाठ सोडत नव्हते. कुठल्या मालासाठी, कुठल्या प्रवाशांसाठी ही लाइन? विरोधकांनी तिचं नावच 'वेड्यांची लाइन' पाडलं.

सरकारकडे उत्तरं होती, आणि सगळीच खोटी नव्हती. १८९०च्या ब्रुसेल्स परिषदेत युरोपीय देशांनी गुलामांचा व्यापार मोडण्याचे जे उपाय मान्य केले, त्यात रेल्वेही होती. माल हमालांच्या डोक्यावरून शेकडो मैल जायचा, त्यात माणसं मरायची. आगगाडी त्याहून बरीच, हे मलाही पटतं. नाईलच्या उगमावर ताबा ठेवायचा होता, हे दुसरं कारण. ते जरा कमी आवाजात सांगितलं जायचं.

पण भांडण बहुतेक पैशांवरच होतं. पार्लमेंटने ३० लाख पौंड मंजूर केले, खर्च ५० लाखांच्या पुढे गेला. लॅबूशेअर यांचा हिशोब बरोबर ठरला. गंमत अशी की इथूनच खरी वाईट गोष्ट सुरू होते.

कारण आता रूळ होते, कर्ज होतं आणि डबे रिकामे होते. १९०१ पासून तिथले कमिशनर होते सर चार्ल्स एलियट. हा माणूस अडाणी नव्हता, तेच मला खुपतं. त्याने फिनिश भाषेचं व्याकरण लिहिलं होतं, पुढे हिंदू आणि बौद्ध धर्मांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं सरळ होतं: लाइन फायद्यात आणायची तर तिच्या दोन्ही बाजूंना शेती हवी, आणि शेती करायला गोरे शेतकरी हवेत. नालेसाठी घोडा घ्यावा तशी रुळांसाठी माणसं शोधणं सुरू झालं. १९०३ मध्ये तर तिथलं एक पठार ज्यूंच्या वसाहतीसाठी झायोनिस्ट चळवळीला देऊ केलं गेलं. दोन वर्षांनी त्यांनी नकार कळवला.

जमीन मात्र 'रिकामी' होती. निदान गाडीच्या खिडकीतून तशी दिसत होती. रिफ्ट व्हॅलीत गवतच गवत, माणूस क्वचित. पण १८९०च्या सुमारास बुळकांड्या रोगाने त्या भागातली गुरं साफ केली होती. पाठोपाठ देवी आली, दुष्काळ आला. मसाई लोकांचं सगळं जगणं गुरांवर. शिवाय ते ऋतूप्रमाणे कळप हलवतात, आज मोकळं दिसणारं कुरण चार महिन्यांनी त्यांना लागणारच असतं. घरावरून तिरडी उठल्यावर दार बंद दिसलं म्हणून कुणी घरच ताब्यात घ्यावं, तसं हे होतं.

इथे मला माझे नव्वद दिवस आठवले. माझ्या क्वेरीत चूक नव्हती. टेस्ट पास झाल्या होत्या. आकडा खरा होता, फक्त तो कुठल्या महिन्यांचा आहे हे कुणी विचारलं नाही. आणि विचारायची गरज वाटली नाही, कारण तोच आकडा आम्हाला हवा होता. माझं आणि साम्राज्याचं पाप एका तागडीत टाकत नाहीये. दुकानदारांचे काही दिवस गेले, मसाईंची जमीन गेली. पण डोकं कसं चाललं, ते ओळखीचं वाटलं.

ऑगस्ट १९०४ मध्ये मसाई प्रमुखांकडून करारावर अंगठे घेतले गेले. रेल्वेपासून आणि गोऱ्यांना खुल्या होतील अशा जमिनींपासून लांब जाण्यातच आपलं हित आहे असं आम्ही ठरवलं आहे, असा त्याचा आशय. जी रेल्वे लोकांना जवळ आणायला बांधली, तिच्यापासून लांब जा, असं कागदावर लिहिलेलं! बदल्यात उत्तरेला लायकिपिया आणि दक्षिणेला एक प्रदेश मिळाला, मसाई जमात अस्तित्वात असेपर्यंत. ते 'असेपर्यंत' सात वर्षं टिकलं. १९११ मध्ये दुसरा करार झाला, आणि लायकिपियातूनही त्यांना दक्षिणेला हाकललं.

मसाई कोर्टात गेले. १९१३ मध्ये दावा फेटाळला गेला, आणि कारण असं की मी ते तीनदा वाचलं: मसाईंनी ब्रिटिश राजसत्तेशी केलेला करार हा दोन सत्तांमधला तह आहे, म्हणून त्यावर इथल्या कोर्टाला निकाल देता येत नाही. सही करताना सार्वभौम, म्हणून दाद मागायला जागा नाही. या रेल्वेचं नाव काढलं की लोकांना त्सावोचे माणूसखाऊ सिंह आठवतात, त्यांच्यावर सिनेमा आहे. या खटल्यावर मला तरी एकही सापडला नाही.

रूळ टाकणारे आपल्याकडचे होते. सुमारे ३२ हजार मजूर, मुख्यतः पंजाबातले, करारावर नेलेले. अडीच हजारांच्या आसपास मेले. जे मागे राहिले त्यांना त्या उंच, थंड प्रदेशात शेतजमीन मिळू नये, असं धोरण ठरलं. मग बरेचसे भारतीय दुकानं टाकून बसले. स्वाहिलीत आजही दुकानाला 'दुका' म्हणतात. त्यांच्यावर अन्याय झाला हे खरं. पण त्यांची तक्रार वाचताना मला अडखळायला झालं: जमीन आम्हालाही हवी, असं ते म्हणत होते. ती कुणाची, हा प्रश्न त्या तक्रारीतही नव्हता.

मग लॅबूशेअर यांचं ऐकून रेल्वे बांधलीच नसती तर? मला नाही वाटत उत्तर इतकं सोपं आहे. नैरोबी हे शहर त्या लाइनच्या एका डेपोतून उभं राहिलं, आणि आज तिथे राहणाऱ्या कुणाला ते नसतं तर बरं, असं मी कुठल्या तोंडाने सांगणार? माझा राग बांधण्यावर नाही. खर्च लंडनने ठरवला, कर्ज लंडनचं, आणि ते फेडायला पुढे केलं त्या माणसांना, ज्यांनी ते कधी मागितलंच नव्हतं. इतक्या वर्षांच्या चर्चेत प्रत्येक पौंडाचा हिशोब झाला. लॅबूशेअरसुद्धा करदात्याच्या खिशासाठीच सगळ्यात जास्त भांडले.

आमचं जुनं ॲप पुन्हा सुरू झालं नाही. काही दुकानदार नव्यावर आले, आणि महिन्याच्या अहवालात ती 'वाढ' म्हणून गेली. सोमवारी दुसऱ्या एका राज्यासाठी तीच क्वेरी पुन्हा चालवायची आहे. नव्वदच्या जागी मी तीनशे पासष्ट घातलेत. आकडा बराच खाली आलाय. अजून कुणाला सांगितलेलं नाही.