माफी मागून

हेमिंग्वेची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ १९५२ साली आली. पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ म्हणून ती मराठीत आणली. या पुस्तकातलं माणसाच्या अजिंक्यतेचं एक वाक्य भाषणांत आणि सकाळच्या मेसेजांत सारखं भेटतं. क्यूबाचा म्हातारा कोळी सांतियागो ते पहिला शार्क मारल्यावर म्हणतो. पण थोड्याच वेळात तो स्वतःला विचारतो, गळाला लागलेला मोठा मार्लिन मासा मारला ते पाप तर नव्हे? आधी म्हणतो, पोटासाठी मारला. मग कबूल करतो, अभिमानापायीही मारला. माशावर माया होती; तिच्यामुळे पाप फिटतं की उलट वाढतं? प्रश्न तसाच सोडून तो त्याच माशाचा एक तुकडा तोडून चघळतो. हा भाग मेसेजांत येत नाही.

त्याआधी, मासा गळाला असतानाच, त्याला पूर्वीची एक मार्लिनची जोडी आठवते. नराने मादीला आधी खाऊ दिलं आणि गळ तिलाच लागला. नर होडीपाशीच घोटाळत राहिला. तिला वर ओढल्यावर ती कुठे गेली ते बघायला त्याने उंच उडी घेतली, मग खोल गेला. सांतियागो आणि त्याच्याबरोबरचा पोरगा, दोघांनाही वाईट वाटलं. त्यांनी मादीची माफी मागितली आणि लगोलग तिला कापलं.

ढोंग म्हणावं, तर दुःख खरं आहे. अठरा फुटी मासा होडीला बांधतानाही तेच. ज्याला भाऊ म्हटलं त्याचं वजन दीड हजार पौंडांच्या वर भरेल, तीस सेंट पौंडाने किती होतील, हा हिशेब तो मांडू पाहतो. तोंडी जमत नाही, पेन्सिल हवी होती म्हणतो.

आपण ही कामं वाटून टाकली आहेत. मारणारा एक, भाव करणारा दुसरा, निसर्गप्रेमावर लिहिणारा माझ्यासारखा तिसरा. बाजारातून तुकडे करून आणलेल्या सुरमईची माफी कोण मागणार? सांतियागोला ही सोय नाही. माया, सुरी आणि हिशेब एकाच होडीत, म्हणून त्याचा प्रश्न मला खरा वाटतो.

शार्क त्याचा मासा अर्धा खाऊन टाकतात, तेव्हा तो उरलेल्या माशाला सांगतो की आपण फार लांब गेलो, दोघांचंही वाटोळं केलं. किनाऱ्यावर आल्यावर मात्र माशाचं डोकं सापळ्यांत आमिषाला द्यायला सांगतो, टोकदार चोच पोराला देऊ करतो. आणि पुढच्या खेपेसाठी जुन्या फोर्ड गाडीच्या स्प्रिंगच्या पात्याचा भाला करायचं ठरवतो.